परिसरात मिसळणारं गावचं वाचनालय आणि नागपूरचं ऊन

फेब्रुवारीत नागपूर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात शिरा, घरांच्या बाजूला काड्यांचे ढीग रचलेले दिसतील. एक पऱ्हाटीचा, एक तुराट्यांचा. कापूस वेचून झाला, तूर झोडपून झाली की उरलेलं हे सगळं वर्षभराचं सरपण. त्यातल्याच सरळ तुराट्या बांबूच्या कामट्यांमध्ये दाबून बांधल्या की न्हाणीचा आडोसा होतो, गोठ्याची बाजू होते, परसातलं कुंपण होतं. एखाद्या इमारतीचा मुख्य माल म्हणून मात्र या ढिगाकडे कोणी बघत नाही.

चीनमध्ये एका वास्तुरचनाकाराने तसं बघितलं. बीजिंगच्या उत्तरेला हुआइरोउ भागातल्या डोंगरात जिआओजिएह नावाचं छोटं गाव आहे. ली शियाओदोंग यांनी तिथे २०११ मध्ये एक वाचनालय बांधलं. नाव लियुआन, आकार १७५ चौरस मीटर, म्हणजे १९०० चौरस फुटांच्या आसपास. ऐन गावात न बांधता गावापासून पाच मिनिटांच्या चालीवर, पाण्याच्या काठाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी जागा निवडली. गावकरी चुलीसाठी ज्या काड्या गोळा करून घराबाहेर रचत, त्याच काड्या या इमारतीला चारही बाजूंनी आणि वरूनसुद्धा लावल्या. संख्या ४० हजारांच्या पुढे. आत काच आणि पोलादाची चौकट, बाहेर काड्यांचं आवरण. दुरून पाहिलं तर डोंगराच्या कडेला काड्यांची मोठी रास पडली आहे असं वाटावं. २०१४ मध्ये या कामाला कॅनडातला मोरियामा हा वास्तुरचनेचा पुरस्कार मिळाला, १ लाख कॅनेडियन डॉलरचा.

त्याचे फोटो पाहून कोणालाही वाटेल की आपल्या गावातही असंच बांधू. काड्या तर आपल्याकडेही आहेत. पण जसंच्या तसं उचलून आणलं तर नागपूरच्या मे महिन्यात त्यात पंधरा मिनिटंही बसवणार नाही. परिसरात मिसळणं हा मुळात दिसण्याचा प्रश्न नाही. ऊन, वारा, पाऊस, माती, किडे आणि हाताशी असलेला माल या सगळ्यांशी इमारत कशी वागते, त्यावर ती तिथली वाटते की उपरी, हे ठरतं. हुआइरोउचं उत्तर हुआइरोउच्या हवेसाठी आहे. आपलं उत्तर आपल्याला आपल्या हवेतून काढावं लागेल. रीत मात्र तीच वापरता येते.

आधी दिसण्याचा मुद्दा संपवू, कारण त्यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. निसर्गाशी मिळतंजुळतं म्हणजे हिरवं, असं धरून अनेक ठिकाणी भिंतींना पोपटी रंग देतात, वर प्लॅस्टिकच्या वेली सोडतात. नागपूरचा परिसर हिरवा असतो तो जुलै ते ऑक्टोबर. नोव्हेंबरपासून गवत पिवळं पडतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, आणि एप्रिल-मे मध्ये रामटेक-पारशिवनीकडचं सागाचं जंगल पार उघडं पडतं. वर्षातले सात-आठ महिने आपला रंग भुरा, मातकट, वाळक्या काडीचा आहे. म्हणून उन्हापावसाने करडी झालेली तुराटी इथे जितकी सहज मिसळते तितका कोणताही डबाबंद रंग मिसळत नाही.

सूर्य कुठून येतो

सगळी मांडणी इथून सुरू होते. नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे, हुआइरोउ ४० अक्षांशावर. हा फरक कागदावर लहान वाटतो, भिंतीवर फार मोठा असतो. डिसेंबरात भर दुपारी हुआइरोउत सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर येतो. तिथली थंडी हाडं गोठवणारी, म्हणून ते तिरपं ऊन घरात घ्यायला काच हवीच असते. काचेतून ऊन आत येतं, आतल्या वस्तू तापतात, आणि त्या वस्तूंची उष्णता काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. थंड प्रदेशात हे वरदान. नागपुरात मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंशांच्या घरात असतं आणि वाईट वर्षी पारा ४७ च्या पुढे जातो. इथे काचेची खोली म्हणजे भट्टी.

आपल्याकडे सूर्य मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या खांबाची सावली दिसत नाही. पुढे पावसाळ्यातल्या ढगांआड, जुलैच्या मध्यावर, तो परत एकदा तसाच डोक्यावरून जातो. याचा अर्थ असा की उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या भिंतीला दुपारचं ऊन जवळजवळ लागतच नाही. तीन फुटांची छपराची वळचण दक्षिणेला ठेवली तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेसात फुटांची भिंत सावलीत राहते. डिसेंबरात सूर्य ४५ अंशांवर उतरतो, तेव्हा तीच वळचण फक्त वरचे तीन फूट झाकते आणि कोवळं ऊन खिडकीतून आत येतं. एकही यंत्र न लावता, फक्त वळचणीची लांबी नीट मोजून, उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन दोन्ही मिळतं.

पश्चिमेचं मात्र वेगळं आहे. मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असतो, सरळ डोळ्यांत घुसणारा. आठ फुटी भिंत त्याच्यापासून वाचवायची तर वळचण वीस फूट पुढे काढावी लागेल. ते होणार नाही. शिवाय उन्हाळ्यातली झळ आणि धूळ पश्चिम-वायव्येकडूनच येते, आणि पावसाळ्याचा झोडपाही मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येचा. तिन्ही शत्रू एकाच दाराशी. म्हणून पश्चिमेला खिडकी नकोच. तिकडे जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांची खोली, झाडू-बादल्यांची जागा, स्वच्छतागृह असं काही ठेवावं. ज्या खोलीत कोणी बसत नाही ती खोलीच ढाल होते. गावोगावच्या वाचनालयांत नेमकं उलटं दिसतं. रस्ता पश्चिमेला म्हणून दर्शनी खिडक्या पश्चिमेला, आणि अभ्यासाला बसलेल्या पोरांच्या पाठीवर चार ते सहा ऊन. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुलं उन्हाळ्यातच सगळ्यात जास्त बसतात, हे लक्षात घेतलं तर ही चूक किती महाग पडते ते कळतं.

आता छप्पर. भिंतींवर सगळे बोलतात, पण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त उष्णता वरून येते. समजा आपलं वाचनालय ६०० चौरस फुटांचं आहे. मे महिन्याच्या भर दुपारी एवढ्या छपरावर सुमारे ५० किलोवॅट इतकं ऊन पडत असतं, म्हणजे १५०० वॅटचे तीसेक हीटर एकाच वेळी चालू असल्यासारखं. टिनाचा पत्रा त्या उन्हात ६० अंशांच्या पुढे तापतो आणि तापलेला पत्रा खाली बसलेल्याच्या टाळूवर थेट उष्णता फेकतो. पंखा कितीही जोरात लावला तरी ही उष्णता हवेतून येतच नसल्यामुळे कमी होत नाही. सिमेंटचा स्लॅब वेगळ्या तऱ्हेने त्रास देतो. तो दिवसभर ऊन पितो आणि काही तास उशिरा, म्हणजे नेमकी माणसं वाचायला येतात त्या संध्याकाळच्या वेळी, आत सोडायला लागतो.

उपाय जुनाच आहे. दोन छपरं आणि मध्ये वारा. वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, खाली एक-दीड फुटाच्या पोकळीनंतर बुरडांनी विणलेल्या बांबूच्या तट्ट्यांचं छत, त्यावर चिखलाचा पातळ थर. कवेलू तापले तरी पोकळीतली गरम हवा शेंड्याकडून बाहेर निघून जाते आणि खालच्या तट्ट्यापर्यंत फार थोडी उष्णता पोचते. शेंड्यावरची फट मात्र खरोखर उघडी हवी. चिमण्या आणि पाऊस आत येऊ नयेत म्हणून ती पूर्ण बुजवून टाकली, तर पोकळी गरम हवेची कोंडी होऊन बसते. बारीक जाळी आणि वरून कवेलूचीच टोपी एवढं पुरतं.

काड्या नेमकं काय करतात

नागपूरकर उन्हात निघताना डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा बांधतो. दुपट्टा जाड नसतो, तरी काम करतो, कारण ऊन त्याच्यावर पडतं, कातडीवर पडत नाही, आणि मधून वारा खेळतो. भिंतीपुढे फूटभर अंतरावर उभी केलेली तुराट्यांची फळी हेच करते. ऊन काड्या झेलतात. काड्या बारीक असल्यामुळे फारशी उष्णता साठवत नाहीत आणि वाऱ्याने लगेच गार होतात. मधल्या पोकळीत हवा तापून वर चढते आणि खालून नवी हवा ओढली जाते. मागची भिंत सावलीत राहते.

अंतर महत्त्वाचं आहे. त्याच काड्या भिंतीला चिकटवून ठोकल्या तर सजावट होते, सावलीचा थोडा फायदा होतो, वाऱ्याचा होत नाही. शिवाय ओल आणि उधईला, म्हणजे वाळवीला, लपायला जागा मिळते. लियुआनमध्येही काड्या काचेवर चिकटवलेल्या नाहीत, त्यांची स्वतंत्र चौकट आहे. फोटोत हे दिसत नाही म्हणून नक्कल करणारे नेमकं हेच विसरतात.

मागची भिंत आपल्याकडे काचेऐवजी विटेची असावी. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली पोकळ विटबांधणी इथे उपयोगी आहे. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, त्यामुळे भिंतीच्या पोटात हवेची पोकळी राहते आणि साध्या नऊ इंची भिंतीपेक्षा विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात. गवंड्याला दोन दिवस शिकवलं की जमतं. पुढे तुराट्या, मागे पोकळ भिंत, आतून शेणमातीचा किंवा चुन्याचा गिलावा. पश्चिमेच्या भिंतीला एवढं केलं तरी पुष्कळ झालं. उत्तरेला याची गरज नाही. तिथे खिडक्या आणि जाळी.

काड्यांचं दुसरं काम उजेड चाळण्याचं, आणि वाचनालयासाठी मला हे पहिल्याहूनही महत्त्वाचं वाटतं. उजेड लक्समध्ये मोजतात. भर उन्हात बाहेर १ लाख लक्स इतका उजेड असतो. पुस्तक आरामात वाचायला ३०० लक्स पुरतात. म्हणजे बाहेरच्या उजेडाचा शंभरावा हिस्सा आत आला तरी तिप्पट होतो. मोठाल्या खिडक्या लावून आपण मुळात नको असलेला उजेड आत आणतो, मग डोळे दिपतात म्हणून पडदे लावतो, आणि पडदे लावल्यावर अंधार झाला म्हणून भर दुपारी ट्यूबलाइट. काड्यांच्या फटींमधून येणारा उजेड मऊ असतो आणि खोलीभर सारखा पसरतो. उत्तरेच्या जाळीतून आलेला त्याहून चांगला. फक्त एवढं लक्षात ठेवावं की मे-जूनमध्ये आपल्याकडे सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन शिरतं. त्यासाठी खिडकीच्या दोन्ही बाजूंना हातभर उभ्या पट्ट्या काढल्या की झालं.

उन्हाशी पुस्तकांचं वैर आहेच. स्वस्त कागदात लाकडातला लिग्निन नावाचा घटक राहून गेलेला असतो. प्रकाश आणि हवा लागली की तो पिवळा-तपकिरी पडतो. वर्तमानपत्र चार दिवस उन्हात ठेवलं की जे होतं ते पुस्तकाचं काही वर्षांत होतं. म्हणून वाचकाची जागा उजेडाकडे आणि कपाटं आतल्या अंगाला, थेट ऊन कधीच पोचणार नाही अशा ठिकाणी. लियुआनमध्ये आतला सगळा भाग लाकडी पायऱ्या-पायऱ्यांचा आहे. त्याच पायऱ्यांच्या पोटात पुस्तकं आणि त्याच पायऱ्यांवर बसून वाचायचं. मुलांसाठी ही कल्पना फार सुंदर आहे. म्हाताऱ्या वाचकांसाठी नाही. सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांना गुडघे दुमडायला लावू नये. त्यांच्यासाठी पूर्वेची ओसरी आणि पाठ टेकायला बाक.

पाणी: मित्र जूनपर्यंतच

लियुआनच्या रचनेत पाण्यावरून येणारी हवा खालच्या झरोक्यांतून आत घेऊन वरच्या झरोक्यांतून सोडण्याची सोय आहे. पाण्यावरून येताना ती थोडी गार होते. नागपूरकरांना हे नव्याने सांगायला नको, आपलं अख्खं शहर उन्हाळ्यात कूलरवर जगतं. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोजूल उष्णता हवेतून शोषली जाते. १ टनाचा एसी ११ मिनिटं चालून जेवढी उष्णता बाहेर टाकतो तेवढी. एप्रिल-मे मध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की हे काम झपाट्याने होतं. वाळ्याच्या ताट्या वाऱ्याच्या तोंडाला लावून त्यावर पाणी शिंपडणं हीच युक्ती आहे, विजेशिवायची.

पण दोन अडचणी आहेत. पहिली अशी की ज्या महिन्यांत ही युक्ती सगळ्यात चांगली चालते त्याच महिन्यांत गावात पाणी कमी असतं. वाचनालयापुढे शोभेचं तळं करायचं आणि बायांनी हंड्यासाठी रांग लावायची, हे कोणालाच पटणार नाही. त्यामुळे तळं नको. हात धुण्याचं आणि पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली सांडणारं पाणी टाकीत घेऊन तेवढ्यावर चालतील इतक्याच ताट्या लावाव्यात, आणि त्याही फक्त वाचनकक्षाकडे.

दुसरी अडचण पुस्तकांची. हवेतला ओलावा ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की कागदावर बुरशी धरते, कसर लागते. मे मध्ये ताट्या चालवल्या तरी तिथपर्यंत सहसा पोचत नाही. जूनच्या मध्यावर पाऊस आला की हवा आपणच दमट होते. तेव्हा ताट्या गारवा देत नाहीत, फक्त ओल वाढवतात. पहिल्या पावसाबरोबर त्या उतरवून कोरड्या खोलीत ठेवायच्या, आणि तिथून सप्टेंबरअखेरपर्यंत आरपार वाऱ्यावर भर. समोरासमोर झरोके, कपाटांच्या मागे भिंतीपासून चार बोटं जागा, खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर. ओल धरलेल्या भिंतीला टेकवलेलं कपाट हे गावच्या वाचनालयांतल्या पुस्तकांच्या नाशाचं फार मोठं कारण आहे.

माती, उधई आणि आग

जिल्ह्याच्या पश्चिमेला, काटोल-कळमेश्वर-हिंगण्याकडे, खाली काळा बेसाल्ट आणि वर काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात एवढी आकसते की भेगांत हात जातो. तिच्यावर उथळ पाया घातला की तीन-चार वर्षांत भिंती तिरप्या फाटतात. इमारत लहान असो की मोठी, पाया फुगणाऱ्या थराच्या खाली न्यावाच लागतो. थर जाड असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर असणारे खांब घालतात. इथे पैसे वाचवू नयेत. वरचं सगळं परत करता येतं, पाया परत करता येत नाही.

पायावर दगडी जोतं, दीड-दोन फुटांचं. बांबू, तुराटी, लाकूड यांपैकी काहीही मातीला टेकता कामा नये. उधई जमिनीतून मातीची नळी बांधत वर येते. दगडाच्या जोत्यावर ती नळी उघडी दिसते आणि झाडूने मोडता येते. काडी थेट जमिनीत रोवली तर ती कधी आली ते कळतही नाही.

बांबू आपल्याकडे मुबलक. गडचिरोली-चंद्रपूरचा मानवेल भरीव आणि चिवट, कटांग जाड आणि उंच. बांबूत साखर आणि पिष्ट असतं आणि भुंगा त्यासाठीच येतो. म्हणून तोड पावसाळा संपल्यावर, तीन वर्षं पूर्ण झालेल्या बांबूची. मग वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवणं ही जुनी रीत, किंवा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवणं ही नवी. हे क्षार पावसाने धुऊन जातात, त्यामुळे प्रक्रिया केलेला बांबूही वळचणीखालीच हवा. प्रक्रिया न केलेला बांबू उघड्यावर दोन-तीन वर्षांत संपतो.

पूर्वी बांबू मिळवणं हीच कटकट होती. कायद्याच्या लेखी तो झाड होता, आणि स्वतःच्या शेतातला तोडून न्यायलाही वाहतूक परवाना लागे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला गेला आणि वनजमिनीबाहेर लावलेल्या बांबूवरचं हे बंधन सुटलं. वनजमिनीवरचा हक्क गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने आधीच लढून मिळवला होता. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक पास स्वतः देण्याचा अधिकार. वाचनालयासाठी बांबू घ्यायचाच तर तो अशा ग्रामसभांकडून घ्यावा. पैसा सरळ गावात जातो.

आगीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. एप्रिलमध्ये वाळलेल्या तुराट्या, आत पुस्तकं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीत बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची मोठी बांबूची इमारत फेब्रुवारी २०२१ मध्ये आगीत जळाली. विदर्भात बांबूचं नाव काढलं की आजही लोक ती आठवण काढतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्या पोकळीमुळे भिंत गार राहते तीच पोकळी आगीला धुराड्यासारखी वर ओढते. म्हणून काड्यांची फळी सलग नको. दर सहा-सात फुटांवर विटेची उभी पट्टी पुढे काढून तिचे कप्पे करावेत आणि वरच्या टोकाला छपराच्या लाकडापासून ती तोडावी. प्रत्येक कप्पा आकड्यावर टांगलेला असावा, म्हणजे आग लागलीच तर ओढून खाली पाडता येतो. काड्यांमधून विजेची एकही तार जाऊ नये. भोवतीचं वाळलं गवत होळीच्या आधी काढावं. दारं दोन आणि बाहेर उघडणारी. एवढं करायची तयारी नसेल तर काड्या लावूच नयेत. कवेलू, पोकळ भिंत आणि जाळी यांवरच थांबावं. तेही चांगलं वाचनालय होतं.

झाडांचंही एक सांगायचं राहिलं. पश्चिमेला झाडाची सावली ही सगळ्या उपायांत स्वस्त, पण झाड निवडताना पुस्तकी सल्ला उपयोगाचा नाही. थंड देशांत पानगळीची झाडं लावायला सांगतात, कारण ती हिवाळ्यात उघडी होऊन ऊन आत सोडतात. आपला साग आणि पळस पानं टाकतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. सावली हवी तेव्हाच ते उघडे. कडुलिंब आणि करंज मात्र पानं बदलून एप्रिलपर्यंत कोवळ्या पालवीने भरतात. चिंच आणि आंबाही चालतील, फक्त जोत्यापासून लांब, कारण काळ्या मातीत मुळं पाणी ओढतात तिथे जमीन जास्त आकसते.

“हे त कच्चं झालं नं भाऊ”

असं काही सुचवलं की ग्रामसभेत पहिलं वाक्य हेच येतं. आणि दुसरं, “आमी काड्यातून निंगून स्लॅपवर आलो, अन् तुमी पुन्ना काड्यात घालता?” हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. ज्यांनी कुडाच्या घरात पावसाळे काढले त्यांना काडी म्हणजे गरिबीच दिसणार. शहरातल्या माणसाने येऊन तिचं कौतुक करणं त्यांना टोचलं तर नवल नाही. हा आक्षेप युक्तिवादाने जात नाही. पाया, जोतं आणि भिंत पक्की आहे, आणि काडी हे फक्त वेळोवेळी बदलायचं वरचं आवरण आहे, हे उघड दिसलं पाहिजे.

दाखवायला जवळच उदाहरणं आहेत. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले, आणि आसपासचा माल व गावचे कारागीर हाच त्यांचा आग्रह होता. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू आणि रुंद ओसऱ्यांच्या त्या कुट्या नियमित डागडुजीमुळे आजही उभ्या आहेत. मे महिन्यात तिथल्या ओसरीत दहा मिनिटं बसलेला माणूस या विषयावर वेगळा बोलतो. वर्ध्यालाच देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती, बांबू आणि कुंभाराच्या कवेलूंवर अनेक वर्षं काम केलं आहे. ग्रामपंचायतीच्या लोकांना आधी तिकडे नेऊन आणावं, नकाशे नंतर दाखवावेत.

मान्यता आणि अनुदानाचं वेगळं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि बहुतेक गावं ‘ड’ पासून सुरुवात करतात. वर्ग वाढायचा तर पुस्तकं वाढतात, सभासद वाढतात, जागा लागते. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं शेवटचं हेच सांगतं की ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे. म्हणून इमारत चौकोनी आणि बंदिस्त न करता पूर्वेकडे वाढवता येईल अशी ठेवावी. आज जी ओसरी आहे ती उद्या खोली होईल आणि तिच्यापुढे नवी ओसरी येईल.

तुराट्या किती टिकतात? वळचणीखाली दोन पावसाळे, कधी तीन. पश्चिमेकडच्या एकच. त्यामुळे बदलण्याचं काम कोणाकडे आणि कधी, हे बांधण्याआधी ठरवावं लागतं. तूर निघते जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा काडी ताजी आणि फुकट किंवा जवळजवळ फुकट. पावसाळा झेललेली जुनी काडी अजून जळते, ती चुलीला जाते. पूर्वेकडच्या धानपट्ट्यात, मौदा-कुहीकडे, तूर मुख्यतः धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. तिथे तुराट्या कमी पडल्या तर बुरडांकडून तट्टे विणून घ्यावेत, तेवढीच त्यांच्या हाताला मजुरी. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मात्र वापरू नये, ते ओल धरतं आणि पेटही लवकर घेतं.

नवी इमारत बांधायच्या आधी हे सगळं थोडक्यात करून बघता येतं. बहुतेक गावांत स्लॅबची एखादी खोली वाचनालय म्हणून आहेच. येत्या फेब्रुवारीत तिच्या पश्चिम भिंतीपुढे फूटभर अंतर सोडून बांबूची चौकट उभी करा आणि अर्ध्याच भिंतीला तुराट्या लावा. उरलेली अर्धी तशीच उघडी. आतल्या बाजूने दोन्ही अर्ध्यांवर साधे दोन थर्मामीटर चिकटवा आणि एप्रिल-मे मध्ये रोज संध्याकाळी सहाला दोन्ही आकडे वहीत लिहा. लिहायचं काम अभ्यासाला येणाऱ्या मुलांकडे द्या. ती वही जूनच्या ग्रामसभेत ठेवली की काडी कच्ची की पक्की यावरची चर्चा आकड्यांवरून करता येईल, आणि गावाला पुढे काय बांधायचं ते गाव ठरवेल.